आज्ञेवर भुंकणे आणि आज्ञेवर थांबणे

ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे, आणि तिथल्या कुत्र्यांचा रुबाब पाहून आपलाही कुत्रा तसाच करारी असावा असे इथे अनेकांना वाटते. मात्र त्यासाठी त्याला चिडवणे किंवा काठी उगारणे मला सर्वस्वी गैर वाटते, कारण भीतीपोटी भुंकणारा कुत्रा केव्हा चावेल याचा नेम नसतो. आमची राणी दाराची घंटा वाजताच भुंकते, म्हणून मी आधी ‘बोल’ म्हणायचे, मग घरातले कोणीतरी घंटा वाजवायचे आणि ती भुंकताक्षणी तिला उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळायचा. पुढे घंटेची गरजच उरली नाही. आता ती पुढचे पाय रोवून, मान ताठ करून खर्जात भुंकते, पण शेपूट सैल हलत असते. पाठीवरचे केस उभे राहिले, नजर ताठरली, तर सराव तिथेच थांबवावा.

खरी कसोटी ‘बस’, म्हणजे ‘पुरे, आता गप्प’, या आज्ञेची. तुकडा हुंगण्यासाठी ती गप्प होते, त्याच क्षणी ‘बस’ म्हणून तो द्यावा आणि शांततेचा अवधी हळूहळू वाढवावा. लहान मुलांसमोर हा सराव मी मुळीच करत नाही.