फरक दीडाचा की १७८ पटींचा?

किल्लारीचा भूकंप ६.२ चा आणि भुजचा ७.७ चा, हे आकडे शेजारी ठेवले की फरक जेमतेम दीडाचा वाटतो. प्रत्यक्षात २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये मोकळी झालेली ऊर्जा ही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला मोकळ्या झालेल्या ऊर्जेच्या सुमारे १७८ पट होती. हा १७८ कुठून येतो, हे अकरावीत लॉग टेबलाशी ज्यांचे फारसे जमले नाही (माझेही जमले नव्हते) त्यांनाही समजण्याजोगे आहे.

१९३५ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी भूकंप मोजण्याची मापनश्रेणी मांडली, तेव्हा त्यांची अडचण आकड्यांच्या पसाऱ्याची होती: लहान धक्क्याने भूकंपमापकाची रेषा मिलिमीटरच्या अंशाने हलते, तर मोठ्या धक्क्याने त्याच्या हजारो पट. ते सहकारी बेनो गुटेनबर्ग यांच्या सूचनेवरून लॉगरिथमकडे, म्हणजे संख्या १० चा कितवा घात आहे हे सांगणाऱ्या आकड्याकडे, वळले. वुड-अँडरसन नावाच्या भूकंपमापकावर, केंद्रापासून १०० किलोमीटरवर, रेषेचे १ मिलिमीटरचे आंदोलन उमटले तर भूकंप ३ चा, १० मिलिमीटरचे उमटले तर ४ चा, असे त्यांनी ठरवले. अंतर वेगळे असेल तर त्याची दुरुस्ती करायची.

मात्र एका अंकाने दहापट वाढते ते आंदोलन. ऊर्जा वाढते १० च्या १.५ व्या घाताने, म्हणजे सुमारे ३२ पट, आणि दोन अंकांनी बरोबर १००० पट. आपल्या दीड अंकासाठी १.५ गुणिले १.५ म्हणजे २.२५, आणि १० चा २.२५ वा घात १७८. बातम्यांत '६.२ रिश्टर' असे किलो-लिटरसारखे छापतात, तेव्हा वाचक वजाबाकी करून मोकळा होतो, यात त्याचा काय दोष?

शिवाय किल्लारी आणि भुजचे वरचे आकडे रिश्टर यांच्या मूळ पद्धतीचे नाहीतच. फार मोठ्या भूकंपांत ती पद्धत तोकडी पडते, म्हणून हँक्स आणि कानामोरी यांनी १९७९ साली आघूर्णावर (इंग्रजीत 'मोमेंट') आधारलेले माप मांडले. त्यात खडकाची दृढता, भ्रंशाचे (ज्या भेगेवर खडक सरकतो तिचे) सरकलेले क्षेत्रफळ आणि सरकलेले अंतर यांचा गुणाकार करून त्याचा लॉगरिथम घेतात. २० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद पट्टा एक मीटर सरकला, तर उत्तर ६.४ ते ६.५ च्या दरम्यान येते. म्हणजे हिशेब यंत्राच्या रेषेवरून थेट खडकापर्यंत पोहोचला.

किल्लारीत सुमारे दहा हजार माणसे दगावली, ती या सूत्रातून काढता येत नाहीत. तो भूकंप जमिनीखाली फार खोल नव्हता, वेळ पहाटे चारच्या सुमाराची होती, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींवर धाब्याचे जड छत होते. अशा परिणामांसाठी मर्केली श्रेणी वेगळी आहे, आणि तिचा आकडा एकाच भूकंपात गावागणिक बदलतो.