अमेरिकेत जुन्या घरातला शिशाचा रंग काढायचा तर माणूस कसा निवडायचा

बोस्टनच्या आसपास घर घ्यायला निघालात की बहुतेक वेळा जुनं लाकडी घरच हाती लागतं, शंभर वर्षांचं घर म्हटलं तरी इथे कोणाला त्याचं विशेष वाटत नाही. आमचंही तसंच. आणि शिशाच्या बाबतीत जुनं म्हणजे 1978 च्या आधीचं, कारण त्या वर्षी अमेरिकेत घरगुती रंगात शिसं घालायला बंदी आली, त्याआधीच्या घरात रंगाच्या एकावर एक चढवलेल्या थरांखाली ते दडलेलं असू शकतं. विकणाऱ्याला शिशाबद्दल जे माहीत असेल ते लेखी सांगावं लागतं, ईपीएची (अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेची) माहितीपुस्तिका द्यावी लागते, आणि घेणाऱ्याला तपासणी करून घ्यायला 10 दिवस मिळतात. पण विकणाऱ्याने कधी तपासलंच नसेल तर तो सरळ "माहीत नाही" वर टिक करतो आणि ते कायद्यात बसतं. आमच्या कागदावर तेच होतं.

बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा आणखी कडक आहे, 6 वर्षांखालचं मूल घरात राहत असेल तर शिशाचा धोका दूर करायची जबाबदारी घरमालकाची, मग घर भाड्याने दिलेलं असो की स्वतः राहत असो. आमची लेक रांगायला लागली होती, त्यामुळे थांबायचा प्रश्नच नव्हता.

फोनवर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती काय भिंत खाणार आहे का? जरा लक्ष ठेवलं की झालं." त्यांचं चूक नाही, बहुतेकांना असंच वाटतं की रंगाचे पोपडे पोटात गेले तरच त्रास. खरी भीती धुळीची आहे आणि ती डोळ्यांना दिसत सुद्धा नाही. इथल्या जुन्या खिडक्या वरखाली सरकतात, प्रत्येक वेळी लाकडावर लाकूड घासतं, रंगाची बारीक पूड खालच्या खोबणीत साठते, मूल खिडकीला धरून उभं राहतं आणि तोच हात तोंडात जातो. या राज्यात मुलांची रक्तातल्या शिशाची तपासणी 9 ते 12 महिन्यांच्या दरम्यान आणि मग दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी करावीच लागते. लेकीचा रिपोर्ट चांगला आला, सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने) 2021 पासून धरलेल्या, रक्ताच्या दर डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमच्या खाली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मुलांसाठी इतकं चालेल अशी कुठली पातळीच नाही.

आता माणूस शोधायचं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तपासणारा वेगळा आणि काढणारा वेगळा असलाच पाहिजे, दोघांचा एकमेकांशी काही धंद्याचा संबंध नको. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणाला तपासणी फुकट करून देतो, लगेच काम पण सुरू करतो, त्याला आम्ही नम्रपणे नाही म्हटलं, कारण काम किती आहे ते ज्याला पैसे मिळणार त्यानेच ठरवायचं आणि काम नीट झालं की नाही ते पण त्यानेच सांगायचं, हे कसं चालेल? दुसरी गोष्ट सर्टिफिकेटची. "आम्ही लेड सर्टिफाइड आहोत" असं पुष्कळ पेंटर सांगतात, ते बहुतेक वेळा आरआरपीचं असतं, म्हणजे 8 तासांचा कोर्स, जुन्या घरात दुरुस्ती करताना धूळ कशी आवरायची त्याचा. ते हवंच, पण शिसं काढायच्या कामाला पुरत नाही, त्यासाठी राज्याचं लायसन्स असलेला डीलीडर, म्हणजे शिसं काढणारा कॉन्ट्रॅक्टर, लागतो. लायसन्स मागायला संकोच करू नका, चांगला माणूस स्वतःहून दाखवतो.

इन्स्पेक्टर आला तो पिस्तुलासारखं दिसणारं, एक्स-रेने रंगातलं शिसं मोजणारं एक्सआरएफ मशीन घेऊन. रस्त्याकडची भिंत ए, मग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बी, सी, डी, आणि प्रत्येक खोलीत दाराची चौकट, खिडकीची फळी, जिन्याचा कठडा असं एकेक ठिकाणी मशीन टेकवून आकडा टिपत गेला. वरून चार थर नवे असले तरी खालचं शिसं त्याला कळतं. रिपोर्ट आल्यावर कळलं की सगळंच खरवडायचं नसतं, भिंतीवरचा घट्ट बसलेला रंग राहू शकतो, मुख्य काम खिडक्यांचं, सुटत चाललेल्या रंगाचं आणि मूल तोंड लावू शकेल अशा कडांचं. म्हणून कोटेशन घेताना प्रत्येकाच्या हातात तोच रिपोर्ट द्या आणि ओळीनुसार लिहून घ्या, ही खिडकी बदलणार की रंग काढणार की झाकणार, नाहीतर दोन कोटेशनची तुलनाच होत नाही.

काम चालू असताना घरात राहायचं नाही, आम्ही मैत्रिणीकडे राहिलो. प्लास्टिकने खोल्या सील करतात, रंग ओला करून खरवडतात, अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम मारतात, पुसतात, परत व्हॅक्यूम. कोणी रंग ज्वाळेने जाळायला निघाला तर काम थांबवा, त्यावर बंदी आहे. शेवटी इन्स्पेक्टर परत येऊन जमीन, फळी, खोबण पुसून नमुने लॅबला पाठवतो. यात मर्यादा फार बारीक असतात, ईपीएच्या 2024 च्या नियमात जमिनीसाठी ती चौरस फुटाला 10 वरून 5 मायक्रोग्रॅम झाली. आमच्याकडे एका खिडकीची खोबण फेल झाली. फेल झालं तर परत साफसफाई आणि परत तपासणीचा खर्च डीलीडरचा, आणि शेवटचा हप्ता इन्स्पेक्टरचं पत्र आल्यावरच, हे करारात लिहून घेतलं होतं, त्यामुळे तो मुकाट्याने आला आणि पुन्हा साफ करून गेला. खर्च भरपूर आहे, खोटं बोलणार नाही, पण पूर्ण काम केलं तर राज्याच्या टॅक्समध्ये 3,000 डॉलरपर्यंत सूट मिळते.

भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या ऑइलपेंटच्या दारं-खिडक्या अजून घरोघरी आहेत आणि दिवाळीच्या आधी पेंटर त्या कोरड्या पॉलिशपेपरने घासतो. यंदा त्याला पाणी मारून घासायला सांगा, खाली प्लास्टिक अंथरा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर काम संपेपर्यंत त्यांना दुसरीकडे पाठवा.