बसायचा परवाना

बुधवारच्या बाजाराला दुपारी तीनच्या सुमारास एक सुस्ती येते. सकाळची गिऱ्हाइकं आटोपलेली, संध्याकाळची अजून ऑफिसातून सुटायची. पालांच्या सावलीत भाजीवाल्या पाय लांब करून बसतात आणि अधूनमधून कोथिंबिरीवर पाणी शिंपडतात. या वेळेला मी नाशिकच्या गोदाघाटाच्या पायरीवर चित्रं काढायची वही घेऊन बसते.

पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, पेपरात येणार का हे?" नाही म्हटलं की दुसरा, "मग ह्याचे किती मिळतात?" काहीच नाही, हे ऐकून माणूस क्षणभर तसाच उभा राहतो आणि मग चक्क शेजारी बसतो. पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर त्याला माझ्याबद्दल जरा आपुलकी वाटू लागते, असा माझा अनुभव आहे.

शेजारी बसलेला माणूस गप्प बसत नाही. परवाचे आजोबा म्हणाले, "नारोशंकराचं देऊळ राहिलं तुमचं." राहिलं नव्हतं, मी टाळलं होतं. १७४७ सालचं देऊळ, वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेली ती घंटा, सगळं मान्य. पण त्याच्या शिखराच्या नक्षीत एकदा शिरलं की दिवेलागण होते आणि घाट राहतो बाजूलाच. शिवाजी तुपे यांच्यासारख्या जलरंगातल्या माणसाच्या हाताला हा घाट वश होता. आमचा हात रेघ वाकडी आली की "ती झाडाची फांदी आहे" म्हणणारा.

नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती, ती उंच मूर्ती, मात्र माझ्या प्रत्येक चित्रात असतो. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, अशी आम्हा नाशिककरांची पूर मोजायची पट्टीच आहे ती. मी तिच्यावर देवळंही मोजते. हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि पलीकडचं शिखर किती मारुती भरतं ते बघायचं. "नेम धरताय का?" एका पोरानं विचारलं होतं. तसंच काहीतरी.

हे मोजमाप आम्हाला शिकवलं शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी. इंटरमिजिएटच्या परीक्षेचं वर्ष होतं. स्मरणचित्राला 'बाजार' हा विषय दिला आणि वर्गातल्या चाळीस पोरांनी चाळीस बाजार काढले. सरांनी सगळे कागद फळ्याखाली ओळीनं लावले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या बाजारात सगळी माणसं पाठमोरी का? विकणारा पण पाठमोरा! अरे, त्यानं माल विकायचा कुणाला, भिंतीला?" चेहरा काढायची भीती, दुसरं काय. पुढच्या बुधवारी त्यांनी आम्हाला थेट इथं आणून बसवलं. पाणी घरून आणायला सांगितलेलं, ते अर्ध्या मुलांनी विसरलं. एकानं करवंटीतून नदीचंच पाणी घेतलं. पावसाळ्याचे दिवस, गढूळ पाणी, त्याचं आकाश मातकट झालं. सर त्याच्या मागे बराच वेळ थांबले आणि काहीच बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी की वैताग, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दिवशीही मी पाठमोरी माणसंच काढली. अजूनही काढते.

फोटोचं वेगळं. वही उघडली की माणसं जवळ येतात, कॅमेरा काढला की पांगतात. सिनेमात उशिरा आलेल्या माणसासारखी वाकून, जवळजवळ बसत, तुमच्यासमोरून पलीकडे जातात. तुम्ही त्या माणसासाठीच थांबलेल्या असता, हे त्याला कुणी सांगायचं? आणि मोबाईलला कुणी हटकत नाही, पण ट्रायपॉडचे तीन पाय उघडा की कुठून तरी शिट्टी वाजलीच. "परवानगी आहे का?" त्याच जागी तासाभरात दोनशे सेल्फी निघालेल्या असतात. तीन पायांवर एवढा राग का?

बाबांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. रोलात बारा फोटो. मागच्या छोट्या लाल खिडकीतून आकडा बघत एकेक फोटो पुढे सरकवायचा. एकाच रोलात दिवाळी, मामेभावाची मुंज आणि आमची वाढलेली उंची, इतका तो पुरवून वापरायचा. एका पावसाळ्यात बाबांनी त्या बारातला एक फोटो पुरावर खर्च केला. मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी. रोल धुऊन आला तेव्हा आजी म्हणाली, "ह्यात आपलं माणूस कुठंय?" बाबा म्हणाले, "नाही." आजीनं फोटो उलटा करून मागची बाजूही बघितली. मग अल्बममध्ये तो शेवटच्या पानावर गेला, मुंजीतल्या डोळे मिटलेल्या काकांच्याही मागे.

खरं सांगायचं तर चित्र कसं होतं याच्याशी माझं फारसं देणंघेणं नाही. चाळिशी ओलांडलेली बाई घाटाच्या पायरीवर दोन तास एकटी नुसती बसली, तर तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, "कुणाची वाट बघताय?" पंधराव्या मिनिटाला, "घरी सगळं ठीक ना?" आणि नदीकडे टक लावून बसली असेल तर लोक हळूहळू तिच्या आणि पाण्याच्या मध्ये येऊन उभे राहतात. मला हे एकदा प्रत्यक्ष झालंय, माणसं भली होती, मी फक्त कंटाळले होते. मांडीवर वही असली की हे सगळं बंद. वाटेल तितका वेळ बसा, वाटेल तिकडे बघा, कुणाच्या तोंडाकडे एकटक बघा. कुणी काही म्हणत नाही. शंभर रुपयांच्या वहीत एवढा परवाना मिळतो.

फुकट मात्र नाही. जिचं चित्र काढलं तिच्याकडून काहीतरी विकत घ्यायचं, हा माझा स्वतःचा नियम. घरी पिशवी बघूनच कळतं. "आज कोण, गवारवाली?"

परवा मेथीवाली होती. उठताना तिनं वही मागून घेतली आणि लांब धरून न्याहाळली. "मारुती झकास. मी कुठंय ह्यात?" मी बोट ठेवलं. पालाखाली एक निळा ठिपका, पाठमोरा.

"एवढीच?"

"लांबून तेवढंच दिसतं हो."

"लांबून कशाला, दीड तास तर माझ्यासमोर बसलीस," ती म्हणाली आणि पदर सावरून, जुड्या बाजूला सारून, माझ्याकडे तोंड करून ताठ बसली. "काढ."

पेन्सिल हातात घेतली. तिचं नाक बघितलं, डोळे बघितले. तीही माझे बघत होती. इतका वेळ मी लोकांकडे बघत होते, कुणी असं सरळ उलट बघितलं नव्हतं. दोन रेघा मारल्या, खोडल्या. मागे चार माणसं जमली. एक म्हणाला, "नाक जरा पुढं घ्या."

शेवटी गिऱ्हाईक आलं म्हणून सुटले. मेथीच्या तीन जुड्या घेतल्या, एकीचीही घासाघीस केली नाही. येत्या बुधवारी पुन्हा बसायचंय, ती विचारणारच. तोवर ही मेथी निवडायला हवी, पिवळी पडायला लागलीय.