ड्वाइटचा जुना पेट्रोल पंप

शिकागोहून आय-५५ हायवेनं दीडेक तास गेलं की ड्वाइट लागतं. चार हजार वस्तीचं गाव. गेल्या शनिवारी मी तिथं मुद्दाम एक बंद पडलेला पेट्रोल पंप बघायला गेलो होतो. इथं पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात आणि पंपाला गॅस स्टेशन.

लांबून तो पंप वाटतच नाही. लाकडी फळ्यांच्या भिंती, उतरतं छप्पर, घराला असतात तशा खिडक्या. पुढं दोन खांबांवर पडवीसारखं छत आणि त्याखाली पंप. १९३३ साली तो बांधला तेव्हा तेल कंपन्या असे घरासारखेच पंप बांधायच्या. वस्तीत कुणाच्या डोळ्यांना खुपू नये आणि वाटसरूला थांबावंसं वाटावं म्हणून.

समोरचा रस्ता म्हणजे रूट ६६, शिकागो ते कॅलिफोर्निया, जवळजवळ ३,९०० किलोमीटर. १९३८ ते १९६६ अँबलर नावाच्या गृहस्थानं हा पंप चालवला, नाव अजून त्याचंच आहे. पुढं मोठा हायवे गावाबाहेरून गेला, १९८५ मध्ये रूट ६६ सरकारी महामार्गांच्या यादीतूनही वगळला गेला. पंप मात्र १९९९ पर्यंत चालला. ६६ वर्षं! शेवटच्या मालकानं तो गावाला देऊन टाकला. नॅशनल पार्क सर्व्हिस या राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक जागा सांभाळणाऱ्या सरकारी खात्यानं दहा हजार डॉलरच्या आसपास दिले, तेही गावानं आपला वाटा घालायचा या बोलीवर. २००५ ते २००७ गावकरी राबले, आणि आता तिथं प्रवाशांसाठी माहिती केंद्र आहे.

मी जास्त वेळ रेंगाळलो ते बाजूच्या गॅरेजमध्ये. ते मूळ बांधकामातलं नाही, १९४० नंतर लगेच जोडलेलं. पाडलं असतं तर इमारत अधिक देखणी दिसली असती, पण ठेवलं हे फार बरं केलं. हात काळे व्हायचे ते तिथंच.

माझ्या काकांचं खोपोलीजवळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पंक्चरचं दुकान होतं. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला, गाड्या परस्पर जायला लागल्या आणि काकांनी शटर ओढलं. आज तिथं दुकानाची खूणसुद्धा नाही. त्यांना फोटो पाठवले, तर रात्री फोन आला.

“अरे, गॅरेजच्या फरशीवरचे ऑइलचे डाग ठेवलेत का घासून काढलेत?”

मी खाली बघितलंच नव्हतं. येत्या शनिवारी पुन्हा जातोय.