तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी पिकअप आणि रोजची सायकल

“शिक्षण चालू आहे, एक जुनी पिकअप हाती आलीय, सध्या ये-जा सायकलवर. गाडी स्वतःच दुरुस्त करायची आहे. सुरुवात कुठून करू?” थोड्याफार फरकाने हा प्रश्न सतत येतो, आणि त्यात सायकलचा उल्लेख नेहमी जरा ओशाळून केलेला असतो. खरं तर तीच तुमची जमेची बाजू आहे. घरच्या घरी केलेली दुरुस्ती बिघडते ती बहुतेक वेळा घाईने. उद्या सकाळी गाडी हवीच असते, म्हणून रात्री अकराला गंजलेल्या बोल्टवर पाईप लावून जोर केला जातो. बोल्टचं डोकं हातात येतं आणि दोन तासांचं काम दोन आठवड्यांचं होतं. ज्याला सकाळी सायकलवर टांग मारायची आहे, तो बोल्टवर तेल मारून झोपू शकतो.

एकही सुटा भाग विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तेव्हाचा दाब. चासीसाठी लहान हातोडी आणि जाड स्क्रू ड्रायव्हर पुरे. मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) ब्रॅकेट, मागच्या ॲक्सलवरचा चासीचा उंचवटा, टाकीचे पट्टे जिथे टेकतात तो भाग, थोडक्यात जिथे जिथे चिखल साचून ओल धरते तिथे ठोकत जा. धड लोखंड ठणकन वाजतं, कुजलेलं नुसतं ‘थप’ म्हणतं. वरचा गंज खरवडून निघाला तर चालेल. स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला, तर आधी जाणत्या वेल्डरला दाखवा. तो ‘नको’ म्हणाला, तर तिथेच थांबा. कुजक्या चासीवर नवं इंजिनही वाया जातं.

कॉम्प्रेशन बघताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी. सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशनची जोडणी सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि एकेका प्लगच्या भोकात दाब मोजायचा गेज लावून सेल्फने प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या. आकडा किती मोठा यापेक्षा चारही आकडे जवळपास आहेत का हे महत्त्वाचं. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या 75 टक्क्यांखाली नसावा. समजा 150, 148, 152 आणि 90 पीएसआय (दाबाचं एकक) आले. चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हकडे बघा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगवर, संशय घ्यायचा. डिझेल इंजिनाला वेगळा गेज लागतो. तिथला दाब साधारण 350 ते 500 पीएसआय असतो, पेट्रोलचा गेज त्यात टिकत नाही.

गाडी बरेच महिने उभी असेल तर सेल्फ मारायची घाई करू नका. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदलायचाच आहे असं धरून चाला. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. बहुतेकांना आधी इंजिन सुरू झालेलं ऐकायचं असतं. गाडी आधी थांबली पाहिजे, चालण्याचं नंतर बघू. म्हणून क्रम असा: ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि मग इंजिन. टायरवर नक्षी शाबूत आहे एवढ्यावर जाऊ नका. टायरच्या कडेला ‘डॉट’ (DOT) अक्षरं असलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2314 म्हणजे 2014 सालचा 23 वा आठवडा. दहा वर्षांचं रबर कितीही छान दिसलं तरी ते काढायचं.

जॅकबद्दल एकदाच सांगतो. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. जमीन टणक हवी, जमिनीवरच्या चाकांना अडणी लावा, चासीखाली दोन स्टँड द्या आणि आत शिरण्यापूर्वी गाडीला बाजूने जोरात धक्का देऊन बघा. विटा चालणार नाहीत. वीट वाकत नाही, सूचना न देता फुटते.

गंजलेला बोल्ट सोडवणं हे अर्धं काम धीराचं. तारेच्या ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा आणि आठ-बारा तास सोडून द्या. दुसऱ्या दिवशी बारा कोनांचा गोटी पाना बाजूला ठेवून सहा कोनांचाच लावा, बारा कोनांचा कडा खातो. पहिला झटका आवळण्याच्या दिशेने द्या, अगदी हलका, म्हणजे गंजाची पकड मोडते. मग सोडा. करकरत अर्धा फेरा आला की पाव फेरा मागे, पुन्हा तेल, पुन्हा पुढे. पाना स्प्रिंगसारखा लवचीक लागायला लागला, म्हणजे बोल्ट फिरत नाही, पिळला जातोय. तिथे थांबायचं. पुढचा उपाय उष्णता, आणि तीसुद्धा इंधनाच्या नळीपासून, ब्रेक होजपासून, रबरी बुशपासून लांब.

मागच्या ब्रेकचे ड्रम दोन्ही एकदम उघडू नका. एक बाजू उघडा, दुसरी नमुना म्हणून शाबूत राहू दे. स्प्रिंग कुठली कुठे होती हे फोटोत बऱ्याचदा नीट दिसत नाही. आतली धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून पुसून घ्या. शूवर तेल दिसलं तर आधी ते कुठलं हे ठरवा. जाडसर, गिअर ऑइलचा उग्र वास असेल तर ॲक्सलचा सील गेलाय. पातळ असेल तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे शू ढकलणारा व्हील सिलिंडर गळतोय. कारण न शोधता नुसते शू बदलले तर तेही महिन्याभरात भिजतात. पहिल्या ड्रमला चार तास धरा, दुसऱ्याला दोन पुरतात.

ब्रेकमधली हवा काढताना जुन्या गाड्यांत एक चूक हमखास होते: पेडल तळापर्यंत दाबलं जातं. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं (पेडलने दाब तयार करणाऱ्या सिलिंडरचं) पिस्टन अर्ध्याच लांबीत फिरत असतं, पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज साचलेला असतो. पेडल खालपर्यंत गेलं की रबरी सील त्या खरखरीत भागावर घासून फाटतात, आणि काल बरे असलेले ब्रेक आज बसतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा बघाच. पुष्कळ पिकअपना मागे ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये दांडीचा एक व्हॉल्व्ह असतो. हौद्यात भार किती त्यानुसार तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. चासी उचलून ॲक्सल लोंबकळत ठेवला तर त्या व्हॉल्व्हला हौदा रिकामा वाटतो, तो दाब अडवतो आणि हवा पूर्ण निघत नाही. अशा वेळी स्टँड ॲक्सलखाली द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून उघडून ठेवलेली बाटली पुन्हा वापरू नका. पेडल सोडल्यावरही एखादं चाक जड फिरत असेल, तर लायनरआधी तिथला रबरी होज बघा. तो आतून फुगतो. दाब जातो, पण परतत नाही.

विजेचं थोडक्यात. थांबलेल्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्ट हवी, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5. सेल्फ सुस्त फिरत असेल तर नवी बॅटरी आणण्याआधी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. 0.2 व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर दोष अर्थिंगच्या केबलमध्ये. जुन्या पिकअपमध्ये हा फार नेहमीचा प्रकार.

या सगळ्या काळात तुमचं वाहन सायकल आहे, तेव्हा तिला उपाशी ठेवू नका. साखळी पट्टीने मोजा: ताणून धरलेल्या साखळीत एका पिनच्या मध्यापासून चोविसाव्या अंतरानंतरच्या पिनच्या मध्यापर्यंत नवी असताना बरोबर 304.8 मिलिमीटर भरतात. 306.3 झाले की बदला, नाहीतर मागची चक्रंही जातील. बेअरिंगचं ग्रीस उरलंय म्हणून साखळीला फासू नका, त्याला वाळू चिकटून त्याचा पॉलिश पेपर होतो. डिस्क ब्रेक असतील तर गाडीवर काम केलेल्या हाताने डिस्कला शिवायचं नाही. आणि टॉर्क पाना दोघींना एकच चालत नाही. पिकअपच्या चाकाचे नट साधारण 100 ते 140 न्यूटन मीटर, सायकलच्या हँडलचे बोल्ट 4 ते 6.

लायनर, फिल्टर, प्लग, होज हे सगळं पिशवीत मावतं. अल्टरनेटरही येतो, कापडात गुंडाळून आणि तळाशी. बॅटरी 15-20 किलोची असते. कॅरिअरवर छापलेली मर्यादा आधी वाचा, ती बरेचदा 25 किलो असते. बॅटरी उभीच ठेवायची, टर्मिनल झाकायचे आणि दोन पट्ट्यांनी आडवं-उभं बांधायचं. पाटे आणि सायलेन्सर घरपोच मागवा, हट्ट करू नका. निघताना जुना भाग बरोबर घ्या आणि आट्यांचं माप कागदावर लिहा. सायकलवर दुसरी फेरी पायांना कळते.

पाटे उतरवले असतील तर ते ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट नवेच टाका, एकदा ताणले गेलेले पुन्हा तसे धरत नाहीत. ते शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं, आणि चारही नट तिरपे, थोडे थोडे करत. चाकांचे नट आणि यू-बोल्ट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पहिल्या काही फेऱ्या मात्र छोट्या, रिकाम्या रस्त्यावर, दिवसाउजेडी. फेरी संपली की प्रत्येक चाकाजवळ हात न्या. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तो ब्रेक चिकटतोय. आणि त्या फेऱ्यांना सायकल हौद्यात टाका, नीट बांधून. गाडी वाटेत बसली तर घरी यायची सोय बरोबर असते.