तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?

वसईची आहे म्हटलं की हा प्रश्न कधी ना कधी येतोच आणि विचारणारे दोन टाईपचे असतात.

पहिले म्हणजे ऑफिसमधले, ट्रेनमधले, ज्यांना खरंच माहीत नसतं. त्यांचा दोष नाही, कारण मराठी शाळेत शिकलेल्याला ख्रिस्ती म्हटलं की रेव्हरंड टिळक आणि पंडिता रमाबाई आठवतात, ते दोघंही प्रोटेस्टंट बाजूचे (म्हणजे सोळाव्या शतकात पोपपासून फुटून निघालेल्या पंथांचे), आणि कॅथलिक म्हटलं की गोवा, बांद्रा आणि केक, मग हे दोन वेगळे धर्म असतील असं वाटणारच ना. त्यांना उत्तर सोपं आहे, ख्रिस्ती हा धर्म आणि कॅथलिक हा त्यातला सगळ्यात मोठा पंथ, जगातले साधारण निम्मे ख्रिस्ती कॅथलिकच आहेत, संपला विषय.

दुसऱ्यांना मात्र सगळं माहीत असतं. माझा एक मामेभाऊ काही वर्षांपासून एका फेलोशिपमध्ये, म्हणजे एका स्वतंत्र प्रार्थनागटात, जातो (नाव नको, घरात अजून शांतता आहे), तो आता सरळ सांगतो की मी आधी कॅथलिक होतो, आता ख्रिश्चन झालो. मामी आधी रडली, मग चिडून म्हणाली, "मग मी तुला मांडीवर घेऊन देवळात स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) केला तो कसला होता रे?"

मामी सातवीपर्यंत शिकलेली पण नेमकं दुखणं तिनेच पकडलं, कारण सगळा वाद फिरून फिरून बाप्तिस्म्यावरच येतो. मामेभावाला फेलोशिपवाल्यांनी विरारकडच्या कुठल्याशा रिसॉर्टच्या स्विमिंग पूलमध्ये पूर्ण बुडवून परत बाप्तिस्मा दिला, का तर तान्ह्या बाळाला विश्वास कळत नाही म्हणून तो पहिला धरायचाच नाही. हे म्हणणं काही आजचं नाही, १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही लोकांनी असंच मोठेपणी परत बाप्तिस्मा घ्यायला सुरुवात केली होती, आणि गंमत म्हणजे त्यांच्यावर तुटून पडले ते फक्त पोपवाले नाहीत तर पोपविरुद्ध बंड करणारे प्रोटेस्टंट पुढारी ल्यूथर आणि झ्विंगली पण. स्वतः ल्यूथर १४८३ मध्ये जन्मला, दुसऱ्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाला, अर्थात कॅथलिकच, दुसरं होतंच काय तिथे. पुढे पोपला तो काय वाट्टेल ते बोलला, पण तो बाप्तिस्मा त्याने कधी परत घेतला नाही. मामेभावाला मी हे सांगितलं तर म्हणे आम्ही ल्यूथरला मानत नाही, आम्ही बायबलला मानतो. बरं बाबा.

आता उलट, कॅथलिक चर्चच्या बाजूने बघा. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता की फुटून गेलेल्यांनी दिलेला बाप्तिस्मा फुकट, परत द्या, आणि रोमचा बिशप स्टीफन म्हणाला परत द्यायचा नाही. स्टीफनचीच बाजू पुढे चर्चने धरली, अगदी प्रोटेस्टंटांशी भांडण टिपेला असताना भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेतसुद्धा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालाय ना, आणि चर्च जे करतं तेच करायचा इरादा होता ना, मग झाला. म्हणून मेथडिस्ट किंवा सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) अशा प्रोटेस्टंट चर्चमधला माणूस कॅथलिक झाला तर त्याचा परत बाप्तिस्मा होत नाही. पण म्हणजे सगळ्यांना मोकळं रान असंही नाही, मॉर्मन लोकांचा बाप्तिस्मा रोमने २००१ मध्ये अमान्य ठरवला, कारण तेच शब्द वापरले तरी त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) त्यांचा अर्थच वेगळा आहे.

मग राहतं मरियामातेचं. आम्ही तिची पूजा करतो म्हणे. शिकवण स्पष्ट आहे, आराधना फक्त देवाची, मरियेचा आणि संतांचा मान ठेवायचा आणि आमच्यासाठी विनंती कर म्हणायचं, मूर्ती-चित्रांबद्दलचा हा फरक ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या परिषदेत ठरलाय. आता खरं बोलायचं तर सप्टेंबरात बांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरी) जत्रेला जा, मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहणारी गर्दी बघा, आणि त्यातल्या किती जणांना हा फरक सांगता येईल ते मला विचारू नका. टीकेत काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण म्हणून ही माणसं येशूला सोडून बसलीत हे साफ खोटं आहे, दर रविवारी मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) हीच माणसं उभी राहून तो श्रद्धेचा अंगीकार म्हणतात जो जुन्या प्रोटेस्टंट चर्चमध्येही म्हणतात, येशू देवाचा पुत्र, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला.

विश्वासाने तारण की कर्माने, यावर तर पाचशे वर्षं डोकी फुटली, आणि १९९९ मध्ये ३१ ऑक्टोबरला, म्हणजे १५१७ मध्ये ल्यूथरच्या बंडाची सुरुवात झाली त्याच तारखेला, ऑग्सबर्गला लुथरन फेडरेशन आणि रोमने एकत्र सही केली की मूळ मुद्द्यावर आपलं एकमत आहे, २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण "तुम्ही ख्रिस्तीच नाही" ही भाषा तिथे कोणी करत नाही. ती भाषा आमच्याकडे भाड्याच्या हॉलमध्ये ऐकू येते.

आणि आमच्या लोकांनी फार कॉलर ताठ करू नये. कित्येक शतकं आम्ही समोरच्यांना पाखंडीच म्हणत होतो, त्यांना बंधू म्हणायला १९६४ उजाडलं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. आजही त्यांचा बाप्तिस्मा मान्य आणि कम्युनियन (मिस्सात वेदीवरून मिळणारा पवित्र प्रसाद) मात्र त्यांना नाही हे आहेच. आमच्या नात्यात एक मेथडिस्ट सून आली, लग्नाच्या वेळी फादरांनी तिचा बाप्तिस्म्याचा दाखला मागून घेतला, बिशपची परवानगी काढली, कुठेही तिला ख्रिस्ती नाही असं म्हटलं नाही. हिंदू मुलगी असती तर नुसती परवानगी पुरली नसती, वेगळी सूट काढावी लागली असती. पण तिच्याच लग्नात मिस्सा ठेवली नाही, फक्त लग्नविधी, म्हणजे कम्युनियनचा प्रश्नच नको. चर्चची कारणं मी वाचली आहेत, समजतातही, पण ज्या बाईला आपण ख्रिस्ती मानतो तिला वेदीपासून लांब ठेवायचं हे मला अजून पटलेलं नाही, आणि मामेभाऊ नेमका यावरच बोट ठेवतो तेव्हा मी त्याच्याशी भांडत नाही.