दोन कट्टे झाले की उठायचं

मे महिन्यातली दुपार. या दिवसांत सोलापुरात अकरानंतर कुणी उगाच बाहेर पडत नाही. मी निघाले, कारण फोनवर एक सून म्हणाली होती, "सासूबाई पंधरा दिवस झाले खाटेवरून उठंनात ओ मॅडम." मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंबरदुखीचं माणूस पंधरा दिवस खाटेवर आहे हे ऐकलं की माझा जीव खाली-वर होतो, कारण पडून राहिल्यानं स्नायू आणखी ढिले पडतात आणि उठायची भीती वाढत जाते.

घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे. गल्लीभर यंत्रमागांचा खडखडाट, दारात भिजवलेल्या तेंदूपानांचा वास. रुग्ण चोपन्न वर्षांच्या, गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात. बाराव्या वर्षापासून विड्या वळतात. मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली आणि दिवसाला हजार विड्या. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास कंबर धरली, मग कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरली. गोळ्या झाल्या, एमआरआय झाला, बेल्ट आला.

"मणक्यात गॅप आलाय, गादी सरकलीय," मुलानं रिपोर्ट पुढे केला. "उठायचंच नाही असं सगळे म्हणायलेत."

मी रिपोर्ट बाजूला ठेवला. आधी माणूस बघायचं, मग कागद. ताप येतो का, वजन उतरलंय का, पडला होता का, असं विचारत गेले. लघवीचा प्रश्न आला तेव्हा मुलाला बाहेर जायला सांगितलं. अक्का हळूच म्हणाल्या, "दोन दिवस झालं, लघवी लई कमी होतीया."

क्षणभर माझे हात थांबले. कंबरेतल्या नसांच्या गुच्छावर दाब आला तर लघवी अडते, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येतो. तेव्हा व्यायाम वगैरे काही नाही, थेट दवाखाना, तोही त्याच दिवशी. मी खोदून खोदून विचारलं. लागल्याचं कळतं का? धार नीट येते का? पुसताना स्पर्श जाणवतो का? सगळं ठीक होतं. मग सुनेनंच सांगितलं, उठताना कळ येते म्हणून अक्का पाणीच पीत नाहीत. मेच्या उन्हात दिवसाला दोन तांबे! मी त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांना फोन लावून सगळं कानावर घातलं. पाणी वाढवून लक्ष ठेवा आणि काही बदल वाटला तर लगेच घेऊन या, असं ते म्हणाले. अक्कांनी तांब्याभर पाणी पिल्यावरच मी पुढे गेले. टाचांवर आणि चवड्यांवर चालून दाखवायला लावलं. पायांत ताकद होती.

मग मुलाला आत बोलावून रिपोर्टाबद्दल बोलले. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या स्कॅनचा. पन्नाशीच्या शंभरातल्या साधारण साठ जणांची गादी फुगलेली होती. "म्हणजे माझी पण असंल?" त्यानं विचारलं. असू शकेल, म्हटलं. रिपोर्ट खोटा नसतो, पण त्यावरून अक्कांचं पुढचं आयुष्य ठरत नाही.

चटई अंथरली. अक्कांना पालथं झोपवलं, दोन मिनिटं नुसतं श्वास घ्यायला सांगितलं, मग कोपरांवर टेकून छाती वर. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण चुकून असाच, छाती उंच करून पालथा पडला आणि त्याच्या पायातलं दुखणं थांबलं. तिथून ही पद्धत वाढली. सगळ्यांना ती लागू पडत नाही, म्हणून करून बघावं लागतं. सात-आठ वेळा झाल्यावर अक्का ओरडल्या, "कंबरेतली कळ वाढली ओ मॅडम, थांबवा!"

"आणि पोटरी?"

त्या गप्प झाल्या. हातानं पोटरी चाचपली. "पोटरीत नाही."

हेच मला हवं होतं. कळ पायातून वर सरकून कंबरेत गोळा होत असेल तर दिशा बरोबर आहे. व्यायाम करताना ती खाली उतरायला लागली तर थांबायचं. हा एक नियम मी सुनेकडून तीनदा म्हणवून घेतला.

खरा पेच पुढे होता. पूर्वी मी दहा व्यायामांची चित्रं छापलेला कागद द्यायचे. तो देवघराच्या भिंतीला चिकटवलेला सापडायचा, व्यायाम मात्र कुणी केलेला नसायचा. अक्कांचं घर घड्याळावर चालत नाही, विड्यांवर चालतं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, हजाराचे चाळीस. तासाला पाचेक कट्टे बांधून होतात. मग मी म्हटलं, "दोन कट्टे झाले की उठायचं." साधारण पंचवीस मिनिटं. उभं राहून हात कंबरेवर, पाच वेळा मागे झुकायचं, दारापर्यंत जाऊन यायचं. सूप मांडीवरून पाटावर घ्यायचं, म्हणजे पाठ कमी वाकते. सकाळ-संध्याकाळ चटईवरचा व्यायाम. बेल्ट हळूहळू सोडायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आहे, रुग्णाला समजावणं आहे, बेल्टची मात्र शिफारस नाही.

"सारखं उठलं तर विड्या कमी होतील की ओ," अक्का म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. मजुरी हजारावर मिळते. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं, की खाटेवरून एकही होत नाही.

सहाव्या आठवड्यात गेले तेव्हा पोटरीतली कळ गेली होती, मांडीत सकाळची थोडी उरली होती. बेल्ट खुंटीला होता. विड्या सातशेपर्यंत पोचल्या होत्या, उरलेल्या सून रात्री वळत होती.

मी चप्पल घालत होते तेवढ्यात तीच म्हणाली, "मॅडम, मला बी सकाळी कंबर धरतीया. अक्कांचंच मी केलं तर चालंल का?"

मी चप्पल काढली. चटई पुन्हा अंथरायला सांगितली आणि तिला विचारलं, "आधी सांग, लघवीचा काही त्रास?"